स्पार्टाची शिस्त आणि अथेन्सचा हिशेब

व्याख्यानमालांच्या दिवसांत एक वाक्य हमखास कानी पडते. तरुण पिढीच्या बेशिस्तीविषयी बोलता बोलता वक्ता प्राचीन ग्रीसमध्ये पोहोचतो आणि सांगतो, की अथेन्सने नुसते वाद घातले, स्पार्टाने माणसे घडवली. आज आपल्या देशाला स्पार्टाची गरज आहे. सभागृहात टाळ्या पडतात. टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हा सेवानिवृत्त अधिकाऱ्यांची संख्या लक्षणीय असते, हेही येथे नमूद केले पाहिजे. ज्यांनी आयुष्यभर हजेरीपत्रक सांभाळले, त्यांना शिस्त हा शब्द गोड वाटणे स्वाभाविक आहे.

प्रस्तुत लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे. अथेन्स हे आदर्श राज्य होते, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. त्याच्या पापांची यादी पुढे येईलच. माझे म्हणणे असे, की या दोन नगरराज्यांतील भेद शिस्त विरुद्ध स्वैराचार असा नव्हताच. अथेन्समध्ये सत्तेला हात लावणाऱ्या प्रत्येकाला चारचौघांसमोर हिशेब द्यावा लागे. स्पार्टात जो काही हिशेब होई तो मूठभरांच्या आपसांत, बंद दाराआड. आणि ज्या शिस्तीचे आपण गोडवे गातो ती चारित्र्याची नव्हे, भयाची निपज होती.

प्रथम साधनांचा विचार करू. स्पार्टाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते कोणी सांगितले? हिरोडोटस हॅलिकार्नाससचा, थ्युसिडिडीज आणि झेनोफन अथेन्सचे, ॲरिस्टॉटल स्टॅगिराचा आणि अथेन्समध्ये राहिलेला. प्लूटार्क तर स्पार्टाच्या वैभवकाळानंतर सुमारे पाचशे वर्षांनी झालेला, कायरोनिया गावचा. यांत स्पार्टन एकही नाही. थ्युसिडिडीज एका लढाईचे वर्णन करताना सांगतो, की स्पार्टाच्या सैन्याचा आकडा देता येत नाही, कारण तेथील राज्यकारभारच गुप्ततेचा. परक्यांना वेळोवेळी नगराबाहेर घालवून देण्याची तेथे रीतच होती. डेमॉस्थेनीसने एका खटल्यातील भाषणात फार नेमका मुद्दा मांडला आहे: अथेन्समध्ये स्पार्टाच्या कायद्यांची स्तुती करण्यास कोणाला मज्जाव नाही, स्पार्टात मात्र अथेन्सच्या कायद्यांची स्तुती करता येत नाही. स्पार्टाचे जे गुणगान आज आपल्यापर्यंत पोहोचले आहे त्यातले पुष्कळसे अथेन्सच्याच नागरिकांनी केलेले आहे, याचे इंगित येथे आहे. मौनाला आपण सद्गुण समजलो.

साहित्यप्रेमी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. स्पार्टा जन्मतःच मुका नव्हता. इ. स. पू. सातव्या शतकात तेथे टिर्टेयसने वीरगीते रचली आणि अल्क्मनने कुमारिकांच्या समूहगानासाठी अत्यंत सुकुमार गीते लिहिली. त्यांतील एका गीताचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकात इजिप्तमधील पपायरसावर सापडला. आर्टेमिस ऑर्थिया या देवीच्या स्थानी १९०६ ते १९१० या काळात ब्रिटिश संशोधकांनी उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंती कोरीवकामाचे सुंदर नमुने हाती आले. म्हणजे ते नगर एके काळी गात होते, घडवीत होते. पुढे त्याने दारे लावून घेतली आणि त्यानंतर नाव घ्यावा असा कवी तेथे झाला नाही. थ्युसिडिडीजने लिहून ठेवले आहे, की उद्या स्पार्टा ओस पडला आणि फक्त देवळे व पाये उरले, तर ते नगर एवढे बलाढ्य होते यावर पुढील पिढ्यांचा विश्वास बसणार नाही. अथेन्सच्या बाबतीत मात्र अवशेष पाहून लोक त्याचे सामर्थ्य होते त्याच्या दुप्पट समजतील. हे भाकीत आज कोणीही जाऊन पडताळून पाहावे.

दारे का लावली? याचे उत्तर टेगिटस पर्वताच्या पलीकडे आहे. इ. स. पू. आठव्या आणि सातव्या शतकांत स्पार्टाने शेजारचा सुपीक मेसेनिया प्रांत जिंकला आणि तेथील लोकांना हेलॉट, म्हणजे जमिनीला जखडलेले दास केले. शेत हेलॉटांनी कसायचे, ठरलेला वाटा स्पार्टन मालकाला पोहोचवायचा, आणि मालकाने दिवसभर युद्धाचा सराव करायचा. व्यापार नाही, हस्तव्यवसाय नाही. ती कामे 'पेरिओइकॉय' म्हणजे भोवतालच्या गावांतले, स्वतंत्र पण राज्यकारभारात आवाज नसलेले लोक करीत. सातव्या वर्षी मुलगा आईपासून काढून घ्यायचा, उपाशी ठेवायचा, चोरीला प्रवृत्त करायचा आणि चोरी सापडली तर बडवायचा, हे सारे ज्या 'शिक्षणा'त येते, ते शिक्षण कशासाठी होते हे हेलॉटांकडे पाहिल्यावाचून कळत नाही. इ. स. पू. ४७९ मध्ये प्लाटियाच्या रणांगणावर पाच हजार स्पार्टन नागरिक उतरले आणि प्रत्येकामागे सात हेलॉट होते, असे हिरोडोटस सांगतो. एकास सात! हे प्रमाण ज्यांच्या घरात रोज वावरते, त्यांना तलवार उशाशी घेऊनच निजावे लागणार.

तिथले पाच एफर, म्हणजे वर्षासाठी निवडलेले दंडाधिकारी, पदावर येताच हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारीत. कशासाठी? ॲरिस्टॉटलच्या आधारे प्लूटार्क कारण देतो: म्हणजे हेलॉटाला ठार मारणाऱ्याला हत्येचे पाप लागू नये. स्वतःच्या राज्यातील शेतकऱ्यांवर दरवर्षी युद्ध पुकारणारे दुसरे शासन माझ्या वाचनात नाही. निवडक तरुण रात्री खंजीर घेऊन बाहेर पडत आणि धट्टेकट्टे हेलॉट हेरून मारीत. थ्युसिडिडीजने दिलेली एक हकीकत तर अंगावर काटा आणते. युद्धात ज्यांनी उत्तम कामगिरी केली असे ज्यांना वाटते त्या हेलॉटांनी पुढे यावे, त्यांना मुक्त करू, असे जाहीर करण्यात आले. सुमारे दोन हजार जण निवडले गेले. त्यांनी डोक्याला हार घातले, देवळांना प्रदक्षिणा घातल्या. थोड्याच दिवसांत ते सारे नाहीसे झाले. कोण कसा मारला गेला हे कोणालाच कळले नाही. जो स्वातंत्र्यासाठी प्रथम पुढे येतो तोच उद्या बंडाला प्रथम पुढे येईल, हा त्यामागचा हिशोबीपणा. स्पार्टा हवा म्हणणाऱ्या वक्त्याला माझा साधा प्रश्न आहे, की त्या आठ जणांतला आपण कितवा?

थर्मोपिलीचे नाव आता कोणी तरी घेईलच. इ. स. पू. ४८० मधील तो पराक्रम खरा आहे, लिओनिडास आणि त्याचे तीनशे खरे आहेत. पण त्याच खिंडीत अखेरपर्यंत थेस्पिया या लहानशा नगराचे सातशे जणही स्वेच्छेने राहिले आणि मेले. त्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत. आणि तेथे मेलेल्या हेलॉटांची तर मोजदादच कोणी ठेवलेली नाही.

आता राज्यव्यवस्था. स्पार्टात दोन राजघराण्यांतले दोन राजे, साठीपुढच्या अठ्ठावीस ज्येष्ठांचे आणि त्या दोन राजांचे मिळून तीस जणांचे मंडळ, पाच एफर आणि नागरिकांची सभा अशी रचना होती. राजा, वडीलधारे आणि लोक यांचा समतोल म्हणून अनेक विद्वानांनी तिची वाहवा केली आहे, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. राजे आणि एफर दर महिन्याला एकमेकांशी शपथ घेत. राजावर खटला होऊ शके आणि झालेही. पण सभेत निर्णय कसा होई? आरडाओरड करून. ज्या बाजूचा गलका मोठा ती बाजू जिंकली. इ. स. पू. ४३२ मध्ये अथेन्सशी युद्ध करावे की नाही हा प्रश्न आला तेव्हा एफर स्थेनेलायडास याने कोणता गलका मोठा हे आपल्याला ओळखता येत नाही असे सांगून लोकांना दोन बाजूंना उभे राहायला लावले. थ्युसिडिडीजच्या मते हे त्याने, लोकांनी उघडपणे युद्धाची बाजू घ्यावी आणि जोर वाढावा म्हणून केले. ज्येष्ठांची निवड तर अधिकच विलक्षण. काही परीक्षक एका बंद खोलीत बसत, उमेदवार एकेक करून सभेपुढून जात, आणि कोणाच्या वेळी ओरडा अधिक झाला हे परीक्षक पाटीवर लिहीत. ॲरिस्टॉटलने या पद्धतीला पोरकट ठरवले आहे.

ॲरिस्टॉटलचा खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि आपले वक्ते तो कधी सांगत नाहीत. 'राज्यशास्त्र' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात तो म्हणतो, की हे ज्येष्ठ तहहयात पदावर असतात आणि त्यांना कोणताही हिशेब द्यावा लागत नाही, हे बरे नाही. शरीराप्रमाणे बुद्धीलाही वार्धक्य येते. (आम्ही साठी ओलांडलेल्यांनी मनाला लावून घेऊ नये.) एफर बहुधा गरीब असत आणि म्हणून लाचेला बळी पडत, असेही तो नोंदवतो. सर्वांत बोचरे निरीक्षण तिजोरीविषयी आहे: स्पार्टन लोक कर नीट भरीत नाहीत, जमीन बहुतेक त्यांचीच असल्यामुळे एकमेकांचा भरणा कोणी तपासत नाही, परिणामी राज्य कंगाल आणि नागरिक लोभी. कथा सांगितली जाते ती लोखंडी नाण्यांची आणि साधेपणाची. प्रत्यक्षात राजा लिओटिकिडास थेसलीवर चालून गेला आणि छावणीत रुप्याने भरलेल्या बाहीवर बसलेला सापडला. त्याला देशोधडीला लागावे लागले, घर पाडले गेले.

सिराक्यूज वाचविणारा सेनापती गिलिपस, त्याची गोष्ट तर कोषागारात नोकरी केलेल्या प्रत्येकाने वाचावी. पेलोपोनीजच्या युद्धाच्या अखेरीस सेनापती लायसँडरने लुटीचा पैसा थैल्यांत भरून गिलिपसच्या हाती स्पार्टाला धाडला. गिलिपसने थैल्यांच्या तळाची शिवण उसवली, हवे तेवढे काढून घेतले आणि शिवण पुन्हा घातली; वरची मोहोर शाबूत. पण प्रत्येक थैलीत आतील रकमेची चिठ्ठी होती हे त्याला ठाऊक नव्हते. एफरांनी मोजणी केली, रक्कम जुळेना. अथेन्सच्या नाण्यांवर घुबडाचे चित्र असे. गिलिपसच्या नोकराने कोड्यात सांगितले, की कौलांखाली पुष्कळ घुबडे निजली आहेत. हे प्लूटार्क सांगतो. लहानपणी चोरी शिकवायची, सापडला तर बडवायचे, आणि मोठेपणी तो सापडल्यावर आश्चर्य करायचे, असा हा प्रकार. त्या चिठ्ठीने जे काम केले, ते बारा-तेरा वर्षांच्या फटक्यांनी केले नाही.

आता अथेन्सकडे वळू. आपल्याकडे अथेन्स म्हटले की पेरिक्लीजचे भाषण, सॉक्रेटिसाचा विषाचा प्याला आणि पार्थेनॉनचे खांब एवढेच डोळ्यांपुढे येते. अथेन्सची खरी करामत त्याहून रुक्ष आहे. तिचे तपशील ज्या ग्रंथात सर्वाधिक मिळतात तो ॲरिस्टॉटलच्या नावावरचा 'अथेन्सची राज्यघटना' हा ग्रंथ शतकानुशतके नष्ट झाला असे समजले जाई. इजिप्तमधून आलेल्या पपायरसाच्या गुंडाळ्यांवर तो सापडला आणि १८९१ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने प्रसिद्ध केला. गंमत अशी, की त्या पपायरसाच्या मूळ बाजूवर इ. स. ७८-७९ या काळातील एका शेतीच्या कारभाऱ्याचा जमाखर्च आहे, आणि जगातील एका अव्वल लोकशाहीची घटना त्या जमाखर्चाच्या पाठीवर उतरवलेली आहे. महसूल खात्यात हयात घालविलेल्या मला यात फारच समाधान वाटते.

या ग्रंथातून दिसणारी पद्धत अशी. बहुतेक पदे वर्षाची, चिठ्ठ्या टाकून भरलेली, आणि बहुधा दहा-दहा जणांच्या मंडळांची. सेनापतींसारखी थोडी पदे मात्र निवडणुकीने. पाचशेंच्या मंडळावर आयुष्यात दोनदाच बसता येई. तिजोरीच्या किल्ल्या आणि राज्याची मोहोर ज्याच्या हाती असे तो मंडळाचा अध्यक्ष एका दिवसरात्रीपुरता. ते पद जन्मात एकदाच. नऊ आर्कन म्हणजे प्रमुख दंडाधिकारी. त्यांना पद घेण्यापूर्वी विचारीत: तुझा बाप कोण, आजा कोण, आई कोण, कुलदेवता कोठे, पूर्वजांची थडगी कोठे, आईवडिलांना नीट वागवतोस का, कर भरतोस का, लढाईवर गेलास का. मग उपस्थितांना विचारीत, की याच्याविरुद्ध कोणाला काही सांगायचे आहे काय? तो मोठा विद्वान आहे काय, असे कोणी विचारीत नसे. वर्षातून दहा वेळा नागरिकसभेत अधिकाऱ्यांचे काम नीट चालले आहे किंवा नाही यावर मत घेतले जाई. इ. स. पू. ४३० मध्ये खुद्द पेरिक्लीजला पदावरून दूर करून दंड ठोठावण्यात आला, तो याच अथेन्समध्ये. पुढे त्यालाच पुन्हा निवडून दिले ही गोष्ट वेगळी.

वर्ष संपले की खरी परीक्षा. दहा लेखातपासनीस प्रत्येक अधिकाऱ्याचे हिशेब पाहत आणि न्यायसभेपुढे ठेवीत. अपहार सिद्ध झाला तर रकमेच्या दसपट दंड, लाच सिद्ध झाली तरी दसपट. निव्वळ गैरकारभार असेल तर तेवढीच रक्कम, पण मुदतीत भरली नाही तर दुप्पट. त्यानंतर दुसरे अधिकारी बाजाराच्या वेळी चौकात बसत आणि कोणाही नागरिकाची तक्रार घेत. तक्रारदाराने पांढऱ्या पाटीवर स्वतःचे नाव, अधिकाऱ्याचे नाव, झालेला अन्याय आणि मागितलेला दंड लिहून द्यावयाचा. निनावी अर्जांची सोय नव्हती, याकडे मी आजच्या व्यवस्थेतील संबंधितांचे लक्ष वेधू इच्छितो. हिशेब चुकता होईपर्यंत अधिकाऱ्याला देश सोडता येत नसे, मालमत्ता देवाला वाहता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे. पुजारीही यातून सुटले नव्हते. आणि ज्याच्या हाती राज्याचा पैसाच आला नाही, त्यानेही आपण काही घेतले नाही व काही खर्चले नाही असे लिहून द्यायचे, असे ऐस्किनीसच्या भाषणातून कळते. 'निरंक' अहवाल आपल्या कचेऱ्यांचा शोध आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. निवृत्तिवेतनासाठी ना-देय प्रमाणपत्रामागे धावताना आम्ही सारेच कुरकुरलो. तेवढी कुरकुर दर वर्षी करणारे राज्य म्हणजे अथेन्स.

हे हिशेब दगडावर कोरून चौकात उभे केले जात. एरेक्थियम या देवळाच्या इ. स. पू. ४०९ च्या सुमाराच्या बांधकामाचा हिशेब आज वाचता येतो. त्यात पाथरवट, सुतार यांची नावे आहेत, आणि नागरिक असो, परदेशी रहिवासी असो वा दास असो, रोजचा दर एक ड्राक्मा, सर्वांना सारखाच. दासाचा ड्राक्मा बहुधा धन्याच्याच घरी गेला असेल. पण किती गेला हे आपण आज सांगू शकतो.

आता पापे. अथेन्सच्या वैभवाखाली लॉरियमच्या चांदीच्या खाणी होत्या आणि त्या खाणींत दास मरत होते. स्पार्टाने डेकेलियाला ठाणे दिल्यावर, म्हणजे इ. स. पू. ४१३ नंतर, वीस हजारांहून अधिक दास अथेन्समधून पळाले असे थ्युसिडिडीजच सांगतो. स्त्रियांना मत नव्हते, न्यायालयात स्वतःचे म्हणणे मांडता येत नव्हते. या बाबतीत स्पार्टातील मुली व्यायाम करीत, स्त्रिया जमिनीच्या मालक असत. ॲरिस्टॉटलच्या मते दोन पंचमांश जमीन त्यांच्या हाती होती आणि तो याला दोष मानतो. मी मानत नाही. येथे स्पार्टा सरस होता हे मोकळेपणी म्हटले पाहिजे. इ. स. पू. ४५१ च्या पेरिक्लीजच्या कायद्याने आईबाप दोघेही अथेन्सचे असतील तोच नागरिक ठरला. परदेशी रहिवासी पिढ्यान् पिढ्या राहिला, कर भरला, लढाईवर गेला तरी परकाच. खुद्द ॲरिस्टॉटलला तेथे मत नव्हते. आपण इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याची मराठी माणसे अडीचशे वर्षांत त्या त्या ठिकाणचे मतदार आणि नगरसेवक झालो, हे अथेन्समध्ये घडते ना.

याहून मोठी पापे साम्राज्याची. इ. स. पू. ४१६ मध्ये मेलॉस बेटावरील सारे प्रौढ पुरुष मारले, बायकामुले विकली. इ. स. पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईच्या विजयानंतर वादळात बुडणाऱ्यांना वाचवले नाही म्हणून सहा सेनापतींना एकाच मतदानाने, कायदा डावलून देहान्त दिला. त्या दिवशी अध्यक्षीय मंडळात असलेल्या सॉक्रेटिसाने विरोध केला, तो कोणी ऐकला नाही. आणि इ. स. पू. ३९९ मध्ये खुद्द सॉक्रेटिसालाच विष दिले. लोकशाहीच्या विरोधकांना एवढा दारूगोळा पुरेसा आहे, आणि ते तो वापरतातही.

पण हा दारूगोळा त्यांना पुरवला कोणी? मेलॉसचा संवाद थ्युसिडिडीजने लिहिला. तो अथेन्सचा सेनापती. आर्गिनुसाईचा वृत्तान्त झेनोफनचा. सॉक्रेटिसाचा खटला प्लेटोने अजरामर केला आणि अथेन्समध्येच शाळा काढून सुमारे चाळीस वर्षे शिकवले. सेनापतींना मारल्यावर थोड्याच काळात लोकांना पश्चात्ताप झाला आणि ज्यांनी फसवले त्यांच्यावर खटले गुदरले. इ. स. पू. ४२७ मध्ये मिटिलीनीचे सारे पुरुष मारण्याचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी सभेने तो फिरवला आणि पहिल्या गलबतामागे दुसरे गलबत धाडले, ते वेळेत पोहोचले. तरी हजाराहून अधिक माणसे मारली गेलीच, हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षी प्लाटिया शरण आले तेव्हा स्पार्टाच्या न्यायाधीशांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, की या युद्धात तुम्ही आमचे काही भले केले आहे काय? नाही म्हणणारा मेला; दोनशेहून अधिक मेले. ते दोन हजार हेलॉट गेले त्यावर स्पार्टातील एकाही माणसाने एक ओळ लिहून ठेवलेली नाही. एका नगराच्या गुन्ह्यांची दप्तरे भरली आहेत आणि दुसऱ्याचे दप्तरच नाही. अशा वेळी दप्तर नसलेल्याला निर्दोष ठरवणारा तपासनीस मी तरी चाकरीत ठेवला नसता. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत, असे आम्ही शाळकरी वयात मोठ्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकले. उशिरा आलेल्या गाडीची बातमी छापण्याची तेव्हा सोय होती का, हे मात्र कोणी सांगितले नाही.

स्पार्टा हवा, असे म्हणणारे अथेन्समध्येही होते, आणि एकदा त्यांच्या हाती राज्य आले. इ. स. पू. ४०४ मध्ये अथेन्स शरण आल्यावर लायसँडरच्या पाठिंब्याने तीस जणांची सत्ता बसली. त्यांचा म्होरक्या क्रिटियास हा कवी, विद्वान, स्पार्टाच्या राज्यपद्धतीवर लिहिणारा. ॲक्रोपोलिसवर स्पार्टन शिबंदी आली. आठेक महिन्यांत किमान पंधराशे नागरिक मारले गेले. परदेशी रहिवाशांची मालमत्ता हवी म्हणून त्यांतल्या धनिकांना पकडले. वक्ता लिसियास निसटला, त्याचा भाऊ पोलेमार्कस मारला गेला. शिस्तीच्या भक्तांचा हा कारभार. पुढे लोकपक्ष परत आला तेव्हा सूड न घेण्याची शपथ घेण्यात आली. ती थोडेफार अपवाद वगळता पाळली गेली. शिवाय लोकपक्षाशी लढण्यासाठी त्या तिसांनी स्पार्टाकडून काढलेले शंभर टॅलंटांचे कर्ज सगळ्या नगराने मिळून फेडले. ज्यांच्याविरुद्ध ते कर्ज वापरले गेले त्यांनीही आपला वाटा भरला. जगाच्या इतिहासात याहून चोख हिशेब मला आढळलेला नाही.

पण अखेर जिंकला तो स्पार्टाच ना, असा शेवटचा आक्षेप. जिंकला, इराणी राजपुत्र सायरसच्या पैशावर. ग्रीकांच्या स्वातंत्र्यासाठी लढतो म्हणून युद्धात उतरलेल्या स्पार्टाने आशियातील ग्रीक नगरांवरचा इराणच्या सम्राटाचा हक्क तहांत मान्य केला. आणि जिंकून काय झाले? इ. स. पू. ३९९ च्या सुमारास किनाडॉन नावाच्या, हक्कांत कमी ठरवलेल्या एका माणसाने कट केला. त्याने आपल्या साथीदाराला बाजारात नेऊन पूर्ण नागरिक मोजायला सांगितले: राजे, एफर, ज्येष्ठ आणि इतर मिळून चाळीसेक. भोवती बाकीचे चार हजार. त्या चार हजारांतला प्रत्येक जण या चाळिसांना कच्चे खायला तयार आहे, असे किनाडॉन म्हणे. ही माहिती त्याच साथीदाराने एफरांना पुरवली. पकडल्यावर, हे का केलेस असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, की लॅकेडेमनमध्ये कोणाहून कमी असू नये म्हणून. त्याला दाव्याने बांधून फटके मारीत नगरभर फिरवले.

नागरिक घटत गेले याचे कारणही हिशेबातच आहे. सामुदायिक पंगतीसाठी प्रत्येकाने दर महिन्याला जव, मद्य, चीज, अंजीर यांचा वाटा द्यावयाचा. ज्याला तो देता आला नाही, त्याचे नागरिकत्व गेले. जमीन थोड्यांच्या हाती साचत गेली आणि पंगत लहान होत गेली. इ. स. पू. ४८० मध्ये आठ हजार असलेले नागरिक ॲरिस्टॉटलच्या काळापर्यंत हजारही उरले नव्हते. इ. स. पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत सातशे नागरिक उतरले आणि चारशे पडले. रणातून माघारी आलेल्यांचे हक्क काढून घेण्याचा कायदा होता. पण ते इतके होते, की राजा एजेसिलॉसने आज कायद्यांना झोपू द्यावे असे सांगितले. दोन वर्षांत थीब्जच्या एपामिनोंडासने मेसेनिया मुक्त केला आणि हेलॉटांच्या वंशजांसाठी मेसीनी नगर वसवले. त्याचे दगडी तट अजून उभे आहेत.

स्पार्टाकडे उरले ते फटके. रोमन अमदानीत आर्टेमिस ऑर्थियाच्या वेदीपुढे मुलांना चाबकाने झोडपण्याचा सोहळा पाहायला दूरदूरचे प्रवासी येत. या झोडपण्यात मुले मेलेली आपण पाहिली असे प्लूटार्क लिहितो, आणि स्पार्टाच्या कडक शिक्षणाविषयी आज जे सांगितले जाते त्यातील बरेचसे त्याच्याच पुस्तकातून घेतलेले असते. इ. स. तिसऱ्या शतकात त्या वेदीभोवती प्रेक्षकांना बसण्यासाठी दगडी आसनांचे रंगमंडल बांधण्यात आले.